भिंत येतेय टेम्पोतून!

शुक्रवारी मोकळा हॉल, सोमवारी तयार केबिन. ड्रायवॉलच्या धंद्यात लेझर आला, प्रीफॅब आलं. पण सगळ्यात मोठा बदल मशीनमध्ये नाहीये, तो आहे आपल्या सवयीत!

सोमवारी ऑफिसात आलात आणि बॉसची नवी केबिन उभी! टकटक करून बघता, तर आवाज पोकळ. ‘ही काय भिंत झाली?’ असं म्हणणारं कुणीतरी प्रत्येक ऑफिसात असतंच. पण बॉस, भिंत हीच आहे. गॅल्व्हनाइज्ड पत्र्याच्या उभ्या पट्ट्या साधारण दोन-दोन फुटांवर, दोन्ही बाजूंना साडेबारा मिलिमीटरचा जिप्सम बोर्ड आणि मध्ये आवाज अडवणारी लोकर. सांध्यांवर टेप आणि कंपाउंड, वर रंग. बस्स!

गणित बघा. वीस फूट लांब, दहा फूट उंच अशी साडेचार इंची विटांची भिंत प्लास्टरसकट साडेचार टनांच्या घरात जाते. तेवढीच ड्रायवॉल जेमतेम अर्धा टन!

चिंचोळीत का?

सोलापूरहून पुणे रोडने निघालात की मोहोळच्या अलीकडे चिंचोळी एमआयडीसी लागते. इथे कॅमशाफ्ट बनतात, रसायनं बनतात. अशा कारखान्यात लॅब किंवा मीटिंग रूम वाढवायची, तर सिमेंट-वाळूची धूळ आणि प्लास्टरवर रोज पाणी मारणं कुणाला परवडतं? मशीन बंद म्हणजे नुकसान सुरू. शिवाय सोलापूरचा उन्हाळा! लोकर भरलेली भिंत एसीचा गारवा केबिनमध्ये धरून ठेवते.

गंमत म्हणजे, ज्या आवारात पार्टची मापं मायक्रॉनमध्ये घेतात, तिथेच केबिनचं माप मात्र ‘दहा फूट धरा की’ अशा थाटात. नवी टेक्नॉलॉजी नेमकी याच ‘धरा की’च्या मुळावर उठलीय.

ओळंब्याकडून लेझरकडे

जुनी पद्धत सगळ्यांना माहीत आहे. पाण्याची नळी, ओळंबा, सूत मारायचं, मग साइटवरच पट्टी कापायची. चुकलं तर दुसरी कापायची आणि तुकडे भंगारात. आता लेझर लेव्हल एका क्षणात चारही भिंतींवर रेघ मारते. लेझर मीटरने घेतलेली मापं थेट ड्रॉइंगमध्ये जातात आणि त्यातून कापायची यादी निघते.

पुढची पायरी प्रीफॅब. चार फूट रुंदीच्या चौकटी शेडमध्येच जोडायच्या, वायरिंगचे पाइप टाकायचे, एका बाजूचा बोर्ड मारायचा आणि टेम्पोत चढवायचं. साइटवर दोघंजण पॅनेल उभं करतात, दुसरी बाजू बंद करतात, सांधे भरतात. आपल्याकडे जमीन कधीच सपाट नसते. म्हणून पॅनेलची उंची मुद्दाम किंचित कमी ठेवतात आणि वरची फट सीलंटने भरतात. ही फट सोडायची अक्कल मशीनकडे नाही, ती मिस्त्रीकडेच!

महाराष्ट्राला प्रीफॅब नवं नाही. पुण्यात बी. जी. शिरके यांनी सत्तरच्या दशकातच सिपोरेक्सच्या हलक्या ब्लॉक-स्लॅबचं उत्पादन सुरू केलं. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बालेवाडीचं संकुलही त्यांच्याच कंपनीने उभारलं. अलीकडे, २०२१ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या ‘लाइट हाउस’ प्रकल्पात आगरतळ्याच्या इमारतींसाठी हलक्या पोलादी चौकटीचं तंत्र निवडलं गेलं. अमेरिकेत तर सांधे भरणारे रोबोही साइटवर उतरलेत.

गोची कुठे आहे?

तुमच्या-आमच्यात! ‘दरवाजा जरा इकडे घेऊ या का?’ हे वाक्य विटांच्या कामात खपून जायचं. प्रीफॅबमध्ये ते पॅनेल कापल्यावर आलं, की अख्खं पॅनेल बाद. म्हणजे शेडचं भाडं, कटिंग मशीन, आधी भरलेला माल हा सगळा खर्च छोट्या ठेकेदाराच्या अंगावर. मोठ्या शहरातली कंपनी असा फटका पचवते. सोलापूरचा चार मिस्त्र्यांचा ठेकेदार एका साइटमध्ये आडवा होऊ शकतो.

खरं तर सोलापूरकरांना हे नव्याने शिकवायची गरज नाही. जेकार्डवर चादर विणताना नक्षी आधी ठरते, कार्डांना भोकं पडतात आणि मगच माग सुरू होतो. अर्ध्या चादरीत कुणी मोर बदलून हत्ती मागतं का? मग भिंतीलाच वेगळा न्याय का?

दुसरा प्रश्न मिस्त्रीच्या खिशाचा. मजुरी स्क्वेअर फुटावर आणि काम निम्म्या वेळात, म्हणून ठेकेदाराने दर पाडला तर मिस्त्री मशीनला हात का लावेल? वाचलेल्या दिवसाचा वाटा त्याला मिळाला, शेडमध्ये सावलीत काम आणि ड्रॉइंग वाचायचं शिक्षण मिळालं, तरच हा बदल टिकेल. नाहीतर लेझर पेटीत आणि ओळंबा परत हातात!

केबिन करून घेताय? हे लक्षात ठेवा

● सही करण्याआधी दरवाजे, प्लग, एसी सगळं ड्रॉइंगवर पक्कं करा. नंतर ‘जरा इकडे’ नाही!
● टीव्ही किंवा जड कपाट टांगायचं असेल तर जागा आधीच सांगा, आतून आधार द्यावा लागतो.
● पँट्रीजवळ ओलावा सोसणारा बोर्ड मागा, तो बहुधा हिरवट असतो.
● आवाज नको असेल तर आत लोकर भरताना स्वतः बघा. बोर्ड बंद झाल्यावर कुणाला काय दिसणार?

पुढच्या सोमवारी नव्या भिंतीवर टकटक करताना एवढं आठवा: ती दोन दिवसांत उभी राहिली, कारण कुणीतरी दोन आठवडे आधी नीट विचार केला होता. आणि कुणीतरी शेवटच्या क्षणी आपला विचार बदलला नव्हता!