भाताचा फुलोरा आणि उन्हाचा तडाखा

उभे पीक पाहून भाताचा सौदा करणाऱ्या व्यापारी बंधूंनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. निसवलेल्या लोंबीतील फुले साधारणतः सकाळी १० ते १२ च्या सुमारास उमलतात व तासाभरात मिटतात. नेमक्या त्या वेळी पारा ३५ अंशांवर गेला, तर परागकोश नीट फुटत नाहीत, फलधारणा होत नाही आणि दाण्याचे पळंज होते. नंतर खतपाणी देऊनही ते भरत नाही. भंडारा-गोंदियाकडील उन्हाळी भाताला हा धोका अधिक.

रात्रीचा उकाडाही घातक. फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या शेतांवरील नोंदी २००४ साली प्रसिद्ध झाल्या. रात्रीचे तापमान १ अंशाने वाढले की उत्पादन सुमारे १० टक्क्यांनी घटते, असे त्यांत आढळले. दाणा भरताना उष्मा राहिल्यास तांदूळ खडूसारखा पांढुरका होतो व गिरणीत कणी जास्त पडते.

‘नागिना २२’ हे आपल्याकडील जुने वाण उष्णता सोसते; नव्या वाणांसाठी संशोधक त्याचा उपयोग करीत आहेत. तोवर सौद्यापूर्वी लोंब्या पाहाव्यात. भरलेली लोंबी वाकते, पळंजाची ताठ राहते. मूठभर भात पाण्यात टाकावे. तरंगेल ते पळंज. मात्र त्यात शेतकऱ्याची लबाडी समजू नये.