शेजारी १०, माळ्यावर ५,०००

१५, ८, १०, १०, १०. निन्टेन्डोच्या 'ॲनिमल क्रॉसिंग' मालिकेतल्या पाच गेममध्ये आपल्या गावात जास्तीत जास्त किती शेजारी राहू शकतात, त्याची ही रांग. गेमक्यूब यंत्रावरचा गेम (अमेरिकेत २००२), मग 'वाइल्ड वर्ल्ड' (२००५), 'सिटी फोक' (२००८), 'न्यू लीफ' (जपानमध्ये २०१२) आणि 'न्यू होरायझन्स' (२०२०).

आता दुसरी रांग: घरात सामान किती मावतं? गेमक्यूबवर एका कपाटात ३ वस्तू. 'वाइल्ड वर्ल्ड'मध्ये ९०, 'न्यू लीफ'मध्ये १८०, आणि 'न्यू होरायझन्स'मध्ये नोव्हेंबर २०२१ च्या अपडेटनंतर ५,०००. म्हणजे 'न्यू लीफ'मध्ये शेजाऱ्यामागे १८ वस्तू पडत होत्या, २०२१ मध्ये ५०० पडू लागल्या. जुना गेम चांगला की नवा, या न संपणाऱ्या वादात मला या दोन रांगांइतकं बोलकं काही सापडलेलं नाही.

ज्यांनी हा गेम पाहिलेलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: यात जिंकायचं काही नसतं. प्राण्यांच्या गावात राहायला जायचं, मासे पकडायचे, घर सजवायचं, शेजाऱ्यांशी गप्पा मारायच्या. गेममधलं घड्याळ खऱ्या घड्याळाबरोबर चालतं; रात्री अकराला गेलात तर दुकान बंद. मूळ कल्पना कात्सुया एगुची यांची. चिबाहून नोकरीसाठी क्योतोला आल्यावर आप्त आणि मित्र मागे राहिले, त्या एकटेपणातून ही कल्पना सुचल्याचं त्यांनी सांगितलं आहे. एप्रिल २००१ मध्ये निन्टेन्डो ६४ वर, फक्त जपानमध्ये, पहिला गेम आला. तेव्हा शेजारी हाच गेमचा गाभा होता.

विक्रीचे आकडे पाहिले तर वाद पहिल्याच फेरीत संपायला हवा. 'वाइल्ड वर्ल्ड' आजवर सुमारे १ कोटी १७ लाख ५० हजार खपला. 'न्यू होरायझन्स' २० मार्च २०२० ला आला आणि ३१ मार्चपर्यंत, म्हणजे बारा दिवसांत, १ कोटी १७ लाख ७० हजार खपला. 'न्यू लीफ'ला जो १ कोटी ३० लाखांचा पल्ला गाठायला वर्षं लागली, तो नव्या गेमने सहा आठवड्यांत ओलांडला. आज आकडा साडेचार कोटींच्या पुढे आहे.

याचं नेहमीचं उत्तर म्हणजे 'कोरोना'. जग घरात कोंडलं गेलं आणि नेमका तेव्हाच एक मोकळं बेट देणारा गेम आला. यात तथ्य आहे, पण निम्मंच. यंत्रांच्या हिशेबाने पाहू. निन्टेन्डोची डीएस यंत्रं विकली गेली सुमारे १५ कोटी ४० लाख. त्यातल्या दर शंभरामागे 'वाइल्ड वर्ल्ड' सात-आठ जणांकडे होता. थ्रीडीएस यंत्रं जेमतेम ७ कोटी ६० लाख. 'न्यू लीफ' मात्र शंभरात सतरा जणांकडे. 'न्यू होरायझन्स'च्या स्विच यंत्रावर हेच प्रमाण तीसच्या आसपास आहे. म्हणजे महासाथीचा मागमूस नसताना, आठ वर्षं आधीच, प्रमाण दुपटीहून जास्त झालं होतं. चढ आधीच सुरू होता, टाळेबंदीने मागून ढकललं.

मग जुने खेळाडू कुरकुरतात कशाला? संग्रहाच्या आकड्यांत त्यांना बोट ठेवायला जागा नाही. गेमक्यूबवर मासे ४० आणि किडे ४०, 'न्यू लीफ'मध्ये ७२ आणि ७२, आता ८० आणि ८०. वर ४० समुद्री जीव आणि ७३ जीवाश्मांचे भाग. पूर्वी ऋतू फक्त उत्तर गोलार्धाचे असत. आता दक्षिण गोलार्धही निवडता येतो. (पावसाळा मात्र आपल्यासारखा कुठल्याच गोलार्धात नाही. उत्तरेकडच्या बेटावर १ ते १० एप्रिल चेरी फुलते. तेव्हा नागपूरचा खेळाडू पंख्याखाली बसून गुलाबी पाकळ्या वेचत असतो.)

आक्षेप आहे तो कमी झालेल्या आकड्यांवर. गावातलं दुकान गेमक्यूबवर चार अवस्थांतून वाढायचं, 'न्यू लीफ'मध्ये पाच. छोटी टपरी ते बहुमजली दुकान. 'न्यू होरायझन्स'मध्ये दुकान उभं राहिल्यावर ते एकदाच वाढतं आणि तिथेच थांबतं. आपण मुद्दाम काही न उभारता गाव मोठं होत जाण्याची गंमत त्यामुळे गेली. आता जे वाढतं ते आपणच वाढवायचं. नदी वळवा, डोंगर कापा, रस्ते आखा. घराचं पाहा: सुरुवातीचे ४९,८०० बेल्स (गेममधलं चलन) फेडले की पुढे सात कर्जं, मिळून ५६,९६,००० बेल्सची. व्याज नाही, मुदत नाही. पुण्यात घराचे हप्ते भरणाऱ्याने हे वाचून उसासा टाकावा. गेममधल्या ठेवीवरचं व्याज मात्र एप्रिल २०२० मध्ये जवळपास ०.५ टक्क्यावरून ०.०५ वर आणलं गेलं, कारण लोक यंत्राची तारीख पुढे ढकलून फुकटचं व्याज खात होते. दहा लाखांवर पाच हजार मिळायचे तिथे पाचशे. आर्थिक वृत्तपत्रांनीही त्याची बातमी केली.

अवजारांचंही तेच. पूर्वी तुटायची ती कुऱ्हाड, आणि सोन्याची मिळाली की तीही नाही. आता मासे पकडायचा साधा गळ ३० माशांत मोडतो, सोन्याचा ९० मध्ये. हा बदल मला निव्वळ कटकटीचा वाटतो.

शेजाऱ्यांचा हिशेब सगळ्यात गुंतागुंतीचा. स्वभावाचे प्रकार 'सिटी फोक'पर्यंत सहा होते, 'न्यू लीफ'पासून आठ झाले. निवडीला आता चारशेहून जास्त प्राणी आहेत आणि जागा दहाच. म्हणून लोक दोन-दोन हजार माइल्सची (गेममधल्या पॉइंटांची) तिकिटं काढून अनोळखी बेटं पालथी घालतात, हवा तो शेजारी सापडेपर्यंत. पूर्वी जो यायचा त्याच्याशी जुळवून घ्यावं लागे. तो तिरकस बोले, कधी सरळ अपमान करी. आता शेजारीही मासे-किड्यांसारखा संग्रहातला एक नग झाला आणि त्याचा स्वभावही मवाळ झाला.

तरी जुन्याचं सगळंच सोनं नव्हतं. गेमक्यूबच्या ५९ ब्लॉकच्या मेमरी कार्डातले ५७ ब्लॉक एकटं गाव खायचं, म्हणून निन्टेन्डोला कार्ड गेमबरोबरच द्यावं लागलं. सेव्ह न करता यंत्र बंद केलं की पुढच्या वेळी रिसेटी नावाचा चिचुंद्रीसारखा प्राणी जमिनीतून वर येऊन लांबलचक झापायचा. आता गेम आपोआप सेव्ह होतो आणि रिसेटीवर बचावसेवेचं काम आलं आहे. शिवाय चार दिवस गावात फिरकलं नाही तर लाडका शेजारी न सांगता गेलेला असे, मागे फार तर एक पत्र. नव्या गेममध्ये शेजाऱ्याच्या मनात गाव सोडायचं आलं की तो आधी विचारतो. 'राहा' म्हटलं की राहतो.

२०२० साली बेट सोडलेला कोणी आज परत गेला तर घरात झुरळं फिरत असतील, स्वतःचे केस विस्कटलेले असतील आणि शेजारी विचारतील, इतके दिवस होतास कुठे. पण दहाच्या दहा जण तिथेच असतील. २००२ च्या गावात इतक्या वर्षांनी गेलं, तर आधी कोण उरलंय ते दारोदार फिरून पाहावं लागेल.