मौनाचा अर्थ

कालपर्यंत फेसबुकवर दिसणारे स्नेह्याचे पान आज एकाएकी दिसेनासे होते आणि मागे राहिलेला माणूस आपले काय चुकले याचा शोध घेऊ लागतो. वस्तुतः या अदृश्यतेची कारणे तीन असू शकतात. खाते तात्पुरते स्थगित केले असेल, ते कायमचे मिटवले असेल किंवा एका व्यक्तीपुरतेच दार लावून घेतले असेल. पहिल्या दोन प्रकारांत ते पान कोणालाच दिसत नाही. तिसऱ्यात इतरांना पूर्ववत दिसते. तेव्हा उभयतांच्या मित्राने पाहिले, तर सहसा निम्मा उलगडा होतो. उरलेला निम्मा मात्र काळावर सोपवावा लागतो. मिटवण्याची विनंती ३० दिवसांच्या आतच मागे घेता येते; स्थगित खाते पुढेही केव्हाही उघडता येते.

जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन माहितीच्या विषमतेचे विवेचन केले. विक्रेत्याला ठाऊक असलेले ग्राहकाला ठाऊक नसते. त्या शंकेपायी चांगल्या मोटारीलाही हलका भाव मिळतो. मैत्रीतही तेच घडते. कारण कळत नाही, म्हणून निष्पाप मौनावरही रुसव्याचा आरोप होतो.

परंतु ही संदिग्धता सर्वस्वी वाईट नव्हे. परीक्षेसाठी, आजारपणामुळे वा छळाला कंटाळून दूर होणाऱ्याला कारण न सांगण्याची मुभा तीच देते. म्हणून हेरगिरीपेक्षा सरळ दूरध्वनी करून विचारपूस करावी हे बरे. आणि उत्तर न आल्यास त्या मौनाचाही मान राखावा.