तीन भावंडं, तीन सूर, पण आवाज एकच! सॉ मिलवाल्याच्या पोरांनी अमेरिका कशी जिंकली?

एकाच घरातली दोन-तीन माणसं गायला बसली की आवाज कसा एकजीव होतो, हे गावाकडं कुणाला सांगायला नको. जात्यावर बसलेल्या जावा-नणंदा असोत की भजनी मंडळातले सख्खे भाऊ. कोण कुठला सूर लावतंय हे ऐकणाऱ्याला वेगळं काढता येत नाही. अमेरिकेत याच गोष्टीला 'ब्लड हार्मनी' म्हणतात. म्हणजे रक्तातून आलेला सूरमेळ.

या सूरमेळाच्या जोरावर तिथल्या एका खेड्यातल्या तीन भावंडांनी १९५९ साली देशातलं एक नंबरचं गाणं दिलं. त्यांच्या ग्रुपचं नाव 'द ब्राउन्स'. ही भावंडं कोण होती, त्यांच्या गाण्यात वेगळं काय होतं आणि आज मोबाईलवर गाणी टाकणाऱ्या आपल्याकडच्या पोरापोरींनी त्यातून काय घ्यावं, ते समजून घेऊया.

बापाची सॉ मिल, घरची शेती

अमेरिकेच्या दक्षिणेकडं आर्कान्सा नावाचं राज्य आहे. तिथल्या स्पार्कमन या छोट्याशा गावाजवळ हे कुटुंब राहायचं. वडील फ्लॉइड ब्राउन शेती करायचे आणि सॉ मिल चालवायचे. लाकडाच्या कामात झालेल्या अपघातात त्यांचा एक पाय गेला, तरी धंदा सुटला नाही. पुढं आई-वडिलांनी पाइन ब्लफ शहरात 'ट्रिओ क्लब' नावाचं हॉटेल काढलं. तिथंही पोरं गायची.

मॅक्सीन सगळ्यात मोठी, जन्म १९३१ चा. तिच्या पाठचा जिम एड १९३४ चा आणि बॉनी १९३८ ची. जिम एडचा आवाज चांगला आहे हे आधी ओळखलं ते बहिणीनं. राजधानी लिटल रॉकच्या रेडिओवर गाण्याची स्पर्धा होती. मॅक्सीननं त्यात भावाचं नाव दिलं. तो स्पर्धा हरला, पण रेडिओवाल्यांनी त्याला कार्यक्रमात गायला बोलावलं. थोड्याच दिवसांत बहीणही शेजारी उभी राहून गायला लागली.

१९५४ मध्ये दोघांनी स्वतःच लिहिलेलं 'लुकिंग बॅक टू सी' हे गंमतीशीर गाणं रेकॉर्ड केलं. ते कंट्री गाण्यांच्या यादीत पहिल्या दहात गेलं. पुढच्या वर्षी धाकटी बॉनी त्यांच्यात आली आणि दोनाचे तीन आवाज झाले. त्या काळात 'लुइझियाना हेराइड' हा रेडिओवरचा मोठा कार्यक्रम होता. तिथं ही भावंडं गायची आणि तिथंच एक नवखा पोरगा गायचा. त्याचं नाव एल्विस प्रेस्ली. पुढं तो जगभर गाजला. सुरुवातीच्या दिवसांत त्यानं आणि ब्राउन भावंडांनी एकत्र दौरे केले.

हार्मनी म्हणजे नेमकं काय?

आपल्या भजनात सगळे एकच चाल एकाच सुरात म्हणतात. बुवा ओळ म्हणतात, टाळकरी तीच ओळ उचलतात. पोवाड्यात शाहीर गातो आणि झीलकरी मागून 'जी जी' ची साथ देतात. माणसं कितीही असली तरी चाल एकच चालते.

हार्मनीत तसं नसतं. तिथं शब्द एकच, वेळ एकच, पण सूर तीन. एक जण 'सा' वर असेल तर दुसरा त्याच क्षणी 'ग' वर असतो आणि तिसरा 'प' वर. पेटी घरी असेल तर करून बघा. पांढरी एक, पांढरी तीन आणि पांढरी पाच या तीन पट्ट्या एकदम दाबा. तीन सूर भांडत नाहीत, एकमेकांत मिसळून भरदार आवाज येतो. हेच पेटीऐवजी तीन गळ्यांनी करायचं, आणि चाल पुढं सरकेल तसं तिघांनी मिळून सरकायचं. त्यात एकाचा सूर जरा जरी घसरला तरी सगळं बेसूर लागतं. म्हणून हे काम अवघड.

सख्ख्या भावंडांनाच ते सोपं का जातं?

याची कारणं साधी आहेत.

पहिलं कारण शरीराचं. गळा, टाळू, जबडा, नाक यांच्या ठेवणीवर आवाजाचा पोत ठरतो. भावंडांची चेहरेपट्टी जशी मिळतीजुळती असते, तशीच ही आतली ठेवणही बऱ्याचदा मिळतीजुळती असते. म्हणूनच फोनवर "कोण, दादा का तात्या?" असा घोटाळा होतो.

दुसरं कारण बोलीचं. एका घरातली माणसं शब्द सारखेच उच्चारतात. कुठला स्वर लांबवायचा, कुठला तोडायचा, हे न शिकवता जुळतं. तीन गळ्यांतून 'आ' एकाच तऱ्हेनं निघाला तरच सूर एकमेकांत मिसळतात.

तिसरं कारण सवयीचं. लहानपणापासून एकत्र गायलेल्यांना समोरचा श्वास कधी घेणार हे आधीच कळतं.

अर्थात, नुसत्या रक्ताच्या नात्यानं सूर लागत नाही, रियाज करावाच लागतो. आणि परक्यांनाही मेहनतीनं असा मेळ साधता येतो. भावंडांना फक्त सुरुवात घरातून मिळते.

सोडून द्यायचं ठरत होतं, तेव्हाच गाणं लागलं

१९५६ मध्ये ब्राउन भावंडं आरसीए व्हिक्टर या मोठ्या कंपनीत गेली. 'आय टेक द चान्स' हे त्यांचं गाणं कंट्रीच्या यादीत दुसऱ्या नंबरपर्यंत पोहोचलं. पण १९५७ मध्ये जिम एडला लष्करात जावं लागलं. सुट्टीवर आला की तो रेकॉर्डिंग करायचा. दौऱ्यावर त्याच्या जागी आणखी एक बहीण, नॉर्मा, उभी राहिली.

तेवढ्यात हवा बदलली होती. तरुण पोरं रॉक अँड रोलकडं वळली आणि जुन्या धाटणीच्या कंट्री गाण्याची विक्री घसरली. १९५९ पर्यंत ब्राउन भावंडंही गाणं सोडायच्या विचारात होती. शेवटचं म्हणून त्यांना एक गाणं करायचं होतं, 'द थ्री बेल्स', म्हणजे तीन घंटा.

हे गाणं मूळ फ्रेंच. झाँ व्हिलार यांनी ते लिहिलं होतं आणि एदित पियाफ या गायिकेमुळं ते १९४६ च्या सुमारास फ्रान्समध्ये गाजलं होतं. गोष्ट साधी आहे. डोंगराच्या कुशीतल्या खेड्यात एक मूल जन्मतं, तेव्हा चर्चची घंटा वाजते. त्याचं लग्न होतं, तेव्हा वाजते. तो वारतो, तेव्हाही वाजते. बारसं, लग्न आणि मरण, तिन्ही वेळेला अख्खं गाव जमतं. योगायोग असा की इंग्रजी गाण्यातल्या त्या माणसाचं नाव जिमी ब्राउन आहे, आणि मुख्य आवाज होता जिम एड ब्राउनचा. दोन्ही बहिणी त्याला सूर देत होत्या.

गाणं शेवटचं ठरलं नाही. ऑगस्ट १९५९ मध्ये ते अमेरिकेत सगळ्या प्रकारच्या गाण्यांच्या यादीत एक नंबरवर गेलं आणि चार आठवडे तिथं राहिलं. कंट्रीच्या यादीत तर दहा आठवडे पहिलं होतं. दहा लाखांवर रेकॉर्ड विकल्या गेल्या.

लोकगीत, कंट्री आणि पॉप यांची भेळ

हे गाणं खेड्यातही चाललं आणि शहरातही. असं का झालं? निर्माते चेट अॅटकिन्स हे स्वतः नावाजलेले गिटारवादक. कंट्री गाण्यात व्हायोलिन खास गावरान ढंगानं वाजतं, आणि स्टील गिटार लागतंच. अॅटकिन्स यांच्यासारख्या निर्मात्यांनी ती वाद्यं मागं घेतली आणि पियानो, मऊ कोरस पुढं आणले. या धाटणीला 'नॅशव्हिल साउंड' असं नाव पडलं. गोष्ट लोकगीतासारखी, गळा कंट्रीचा आणि सजावट पॉपची.

काहींना हा बदल आवडला नाही, गावाकडचं गाणं शहरी केलं असं त्यांचं म्हणणं होतं. आपल्याकडं लोकगीताला डीजेचा ठेका लावला की जो वाद होतो, तसाच हा वाद. पण ब्राउन भावंडांच्या बाबतीत गाण्याचा गाभा त्या तीन आवाजांतच होता. वाद्यं बदलली तरी तो बदलला नाही.

यशानंतर काय झालं?

१९६० मध्ये 'द ओल्ड लॅम्पलाइटर' हे गाणंही पॉपच्या यादीत पाचवं आलं. १९६३ मध्ये तिघांना 'ग्रँड ओल ऑप्री' या मानाच्या मंचाचं सदस्यत्व मिळालं. पण सततचे दौरे आणि घरी लहान लेकरं. दोन्ही बहिणींना घर ओढत होतं. १९६७ मध्ये ग्रुप थांबला. जिम एड एकटा गात राहिला आणि त्यानं मोठं नाव कमावलं. मॅक्सीननं एकटीनं प्रयत्न केले, पण तसं यश पुन्हा मिळालं नाही.

२०१५ मध्ये तिघांची निवड कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेमसाठी झाली. जिम एड तेव्हा कॅन्सरनं आजारी होते. समारंभापर्यंत थांबणं शक्य नाही हे ओळखून त्यांना मानाचं पदक दवाखान्यातच देण्यात आलं. काही दिवसांनी, ११ जून २०१५ रोजी, ते गेले. बॉनी २०१६ मध्ये आणि मॅक्सीन २०१९ मध्ये वारल्या.

गाणं गाजलं, पैसा कुठं गेला?

मॅक्सीन यांनी २००५ मध्ये आत्मचरित्र लिहिलं. पहिल्या कंपनीशी केलेल्या कराराबद्दल त्या त्यात कडवटपणे लिहितात. गाणं देशभर वाजत होतं, पण हातात फारसं काही पडत नव्हतं. तरुण वय, कागद नीट न वाचता केलेली सही, आणि मग सुटका करून घेण्याची धडपड.

आज हे आपल्याकडंही घडू शकतं. एखाद्या भावा-बहिणीचा व्हिडिओ चालला की "आमच्या चॅनलसाठी गा" असे फोन येतात. सही करण्याआधी एवढं लक्षात ठेवा:

- जुनी ओवी किंवा पारंपरिक गाणं कुणा एकाच्या मालकीचं नसतं. पण तुम्ही ते गायलं की त्या गायनावर कलाकार म्हणून कायद्यानं तुमचा हक्क असतो.
- गाणं तुम्ही लिहिलं असेल, चाल लावली असेल, तर कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनं रॉयल्टीतला तुमचा वाटा राखून ठेवला आहे.
- हक्क देण्याच्या कागदावर मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. म्हणून 'कायमचे हक्क' असा शब्द दिसला की थांबा.
- १८ वर्षांखालच्या मुलांच्या सहीला करारात अर्थ नसतो. आई-वडिलांनी कागद वाचावा, समजला नाही तर वकिलाला दाखवावा.

मोबाईल हातात आहे, मग अडलंय कुठं?

स्वीडनमधल्या योहाना आणि क्लारा सॉडरबर्ग या दोन सख्ख्या बहिणींचं उदाहरण अगदी अलीकडचं. 'फर्स्ट एड किट' हे त्यांच्या जोडीचं नाव. २००८ मध्ये त्यांनी घराजवळच्या रानात बसून, एका गिटारवर, दुसऱ्याचं गाणं म्हटलं आणि व्हिडिओ यूट्यूबवर टाकला. ना स्टुडिओ, ना लाईट. त्या व्हिडिओमुळं जगाचं लक्ष त्यांच्याकडं गेलं, आणि त्याही लोकगीत, कंट्री, पॉप असं सगळं मिसळूनच गातात.

यूट्यूबवर 'द ब्राउन्स द थ्री बेल्स' असं बोलून शोधलं तर गाणं लगेच सापडतं. भाषा कळली नाही तरी हेडफोन लावून एकदा ऐका. आधी फक्त भावाचा आवाज धरा, दुसऱ्यांदा ऐकताना बहिणींचे आवाज वेगळे काढायचा प्रयत्न करा. सहजासहजी जमणार नाही. आणि घरात गाणारी दोन भावंडं असतील, तर एकाला 'सा' आणि दुसऱ्याला 'ग' धरायला सांगा. हार्मनीची सुरुवात तिथूनच होते.