हरभऱ्याला ऊन का सोसत नाही?

चंडीगड : येथील सेक्टर २२ मधील उपाहारगृहांत छोले-भटुरे नेहमीचेच. त्यातील काबुली हरभरा आणि महाराष्ट्राच्या शेतांतील देशी हरभरा यांच्यापुढील संकट मात्र एकच आहे, ते म्हणजे फुलोऱ्यात वाढणारे तापमान. जवळच सेक्टर १४ मध्ये असलेल्या पंजाब विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातील प्रा. हर्ष नय्यर आणि सहकाऱ्यांनी हे संकट नेमके रोपाच्या कोणत्या भागावर येते, याचा शोध घेतला.

हरभरा हे थंडीचे पीक. खरिपातील भात किंवा कापूस निघण्यास विलंब झाला, की पेरणी लांबते आणि फुलोरा वाढत्या उन्हात सापडतो. संशोधकांनी याच अडचणीचा प्रयोगासाठी उपयोग केला. उष्णता सोसणारे दोन आणि न सोसणारे दोन वाण त्यांनी मुद्दाम उशिरा पेरले, जेणेकरून फुलोऱ्यात दिवसा ३२ आणि रात्री २० अंश सेल्सिअसहून अधिक तापमान लाभावे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार, उष्णता न सोसणाऱ्या वाणांच्या पानांत आणि परागकोशांत सुक्रोज ही साखर कमी पडते. अशा उपाशी परागकणांची फलनक्षमता घटते आणि फुले गळतात. रोप हिरवे दिसते, पण घाटे धरत नाहीत. शेतकऱ्याच्या हे लक्षात येते, तेव्हा पुन्हा पेरणीची वेळ टळून गेलेली असते.

प्रयोगातील सहनशील वाणांपैकी ‘आयसीसीव्ही ९२९४४’ हा भारतात ‘जेजी १४’ या नावाने उशिरा पेरणीसाठी प्रसारित झाला आहे.

असे आणखी वाण लवकर हाती यावेत, यासाठी ‘स्पीड ब्रीडिंग’ हे तंत्र उपयोगी पडते. रोपांना दिवसाकाठी सुमारे २२ तास कृत्रिम प्रकाश दिल्यास हरभऱ्याच्या वर्षाला सहापर्यंत पिढ्या घेता येतात. चंडीगडलगतच्या मोहालीत, राष्ट्रीय कृषी-अन्न व जैवउत्पादन संस्थेत, अशी सुविधा उभी राहिली आहे. जनुक संपादनाची वाट तुलनेने अवघड आहे. मे २०२५ मध्ये केंद्राने या तंत्राने विकसित केलेले भाताचे दोन वाण जाहीर केले खरे. पण हरभऱ्याची उष्णता-सहनशीलता एखाद्या जनुकावर नव्हे, तर अनेक जनुकांवर अवलंबून असते. वेग वाढला, तरी शेकडो रोपांतून निवडायचे कोणते, हा प्रश्न उरतोच. तेथे परागकण कामी येतात: रंजकद्रव्य लावून साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तरी त्यांतील जिवंत किती हे कळू शकते.