नवनिर्मितीची शाळा : बंगाल केमिकल

एखादा शोध एका माणसाला एका क्षणी लागू शकतो. मात्र एखाद्या उद्योगसंस्थेत नवे काही करून पाहण्याची सवय रुजायला अनेक वर्षे लागतात आणि त्यासाठी अनेक माणसे लागतात. या सवयीलाच नवनिर्मितीची संस्कृती असे म्हणतात. ती यंत्रांबरोबर विकत आणता येत नाही, किंवा वरून हुकूम सोडूनही निर्माण होत नाही. ती कशी घडते आणि जपली नाही तर तिचे काय होते, हे समजून घेण्यासाठी कोलकात्यातील 'बंगाल केमिकल' या कारखान्याचा इतिहास फार उपयोगी आहे.

या कारखान्याचे संस्थापक आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांचा जन्म 1861 साली सध्याच्या बांगलादेशातील राडुली या गावी झाला. एडिंबरो विद्यापीठातून रसायनशास्त्रातील डॉक्टरेट मिळवून ते मायदेशी परतले आणि 1889 साली कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात दरमहा अडीचशे रुपयांवर अध्यापक झाले. दरवर्षी शेकडो तरुण पदवी घेऊन बाहेर पडत आणि कारकुनीच्या शोधात कचेऱ्यांचे उंबरठे झिजवत, हे ते पाहत होते. दुसरीकडे, दवाखान्यांत लागणारी साधीसुधी औषधेसुद्धा इंग्लंडहून जहाजाने येत होती. देशात रसायनशास्त्र शिकवले जात होते; परंतु ते फळ्यावरून कारखान्यात उतरत नव्हते. ही दरी बुजवायची, या निश्चयाने त्यांनी 1892 च्या सुमारास आपल्या भाड्याच्या घरात, 91, अपर सर्क्युलर रोड येथे, औषधनिर्मितीला आरंभ केला. भांडवल होते अवघे सातशे रुपये. दिवसा महाविद्यालयात अध्यापन आणि संध्याकाळी भट्ट्या, बरण्या व हिशेबाच्या वह्या, असा त्यांचा दिनक्रम सुरू झाला.

इंग्लंडमधील कारखान्यांची हुबेहूब नक्कल करणे त्यांना शक्य नव्हते, कारण तशी यंत्रेही नव्हती आणि तेवढा पैसाही नव्हता. म्हणून त्यांनी प्रश्नच निराळ्या रीतीने मांडला. आपल्या परिसरात काय फुकट जाते आणि त्यापासून काय करता येईल, असा तो प्रश्न होता. राजाबाजारच्या खाटिकांकडे जनावरांच्या हाडांचे ढीग पडलेले असत. हाडांत कॅल्शियम फॉस्फेट असते. हाडे जाळून केलेल्या राखेवर गंधकाम्लाची व नंतर सोड्याची क्रिया केली, की औषधात वापरले जाणारे सोडियम फॉस्फेट मिळते. त्यांनी गोणीच्या गोणी हाडे आणून घराच्या गच्चीवर वाळत घातली. पण अवेळी पाऊस आला, हाडांना चिकटलेले मांस कुजू लागले आणि कावळे हाडांचे तुकडे शेजाऱ्यांच्या घरांवर नेऊन टाकू लागले. शेजारी संतापले. तेव्हा हाडे गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत नेऊन, विटांच्या भट्टीसारखी रचून पेटवण्यात आली. रात्रीच्या त्या ज्वाळा पाहून पोलीसही चौकशीला आले! हा प्रसंग वाचताना हसू येते. परंतु त्यात एक मर्म आहे. प्रयोग फसला तेव्हा त्यांनी कल्पना टाकून दिली नाही; त्यांनी जागा बदलली आणि पद्धत बदलली. लिंबाच्या रसापासून सायट्रिक आम्ल काढणे मात्र परवडत नाही असे दिसताच त्यांनी तो नाद सोडून दिला. कोठे टिकून राहायचे आणि कोठे थांबायचे, हा विवेकही नवनिर्मितीचाच भाग आहे.

औषध तयार झाले म्हणजे काम संपले असे नव्हते. औषधविक्रेते देशी माल घ्यायला तयार होईनात, कारण गिऱ्हाईक विलायती छाप मागत असे. या टप्प्यावर राय यांचे मित्र डॉ. अमूल्यचरण बसू मदतीला आले. त्यांनी स्वतः ही औषधे रुग्णांना दिली आणि राधागोविंद कर, नीलरतन सरकार यांसारख्या नामवंत डॉक्टरांचे मन वळवले. वैद्यांच्या परंपरेतील ओवा, अडुळसा, कुडा व कालमेघ या वनस्पतींपासून आधुनिक पद्धतीने औषधे तयार करावीत, ही कल्पनाही त्यांचीच. म्हणजे कारखान्याला नवी दिशा मिळाली ती रसायनतज्ज्ञाकडून नव्हे, तर रोज रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टराकडून. ज्या संस्थेत बाहेरचा आवाज आत ऐकू येतो, तिथेच नव्या कल्पनांना वाट मिळते.

या वाटेवर मोठे आघातही झाले. 1898 साली डॉ. बसू प्लेगने मरण पावले. सतीशचंद्र सिंह हा तरुण रसायनज्ञ प्रयोगशाळेत काम करताना प्रुसिक आम्लाच्या विषबाधेने दगावला. दोन जिवलग सहकारी गमावूनही काम थांबले नाही. 1901 साली या घरगुती उद्योगाचे रूपांतर 'बंगाल केमिकल अँड फार्मास्युटिकल वर्क्स लिमिटेड' या कंपनीत झाले. 1905 साली माणिकतला येथे प्रशस्त जागेवर कारखाना उभा राहिला.

माणिकतल्याच्या कारखान्यात नवनिर्मितीला संस्थेचे रूप आले. यामागे प्रामुख्याने तीन गोष्टी होत्या.

पहिली गोष्ट म्हणजे पायाभूत सामर्थ्य. गंधकाम्ल हे रासायनिक उद्योगाचे मूलद्रव्य म्हणता येईल. खते, क्षार, इतर आम्ले या सर्वांना ते लागते. ते दुसऱ्याकडून विकत घेणारा कारखाना दर वेळी दुसऱ्याच्या दराने आणि दुसऱ्याच्या वेळेने चालतो. म्हणून शिशाचे अस्तर लावलेल्या दालनांत गंधकाम्ल तयार करण्याची सोय येथे करण्यात आली. उपकरणे बनवणारी व दुरुस्त करणारी कार्यशाळाही जोडीला होती. त्यामुळे एखादी नवी कल्पना सुचली, की ती करून पाहण्यासाठी परदेशी पत्र लिहून महिनोन्‌महिने वाट पाहावी लागत नसे.

दुसरी गोष्ट म्हणजे माणसांची निवड. 1903 साली राजशेखर बसू हे रसायनशास्त्राचे पदवीधर कारखान्यात रुजू झाले आणि पुढे व्यवस्थापक झाले. याच बसूंनी 'परशुराम' या टोपणनावाने बंगाली विनोदी साहित्यात अढळ स्थान मिळवले. खोट्या आशा दाखवून लोकांचे पैसे गोळा करणाऱ्या कंपनीची थट्टा करणारी त्यांची 'श्रीश्रीसिद्धेश्वरी लिमिटेड' ही कथा 1922 साली प्रसिद्ध झाली. कंपनी चालवणाराच लबाड कंपनीची टर उडवतो, हे त्या काळी अनेकांना गमतीचे वाटले असेल. पण ज्याला आपल्या व्यवसायातील दोष स्वच्छ दिसतात, तोच ते टाळू शकतो. दुसरे सहकारी सतीशचंद्र दासगुप्ता. अग्निशामक यंत्राची निर्मिती हे त्यांच्या कल्पकतेचे फळ. पुढे ते गांधीजींच्या खादीकार्यात गेले. निरनिराळ्या वृत्तींची अशी माणसे एकत्र आली, म्हणून एकाच कारखान्यातून औषधे, आम्ले, फिनाईल आणि अग्निशामक यंत्रे बाहेर पडू शकली.

तिसरी गोष्ट म्हणजे नेतृत्वाचे वर्तन. प्रफुल्लचंद्रांची राहणी अत्यंत साधी होती. महाविद्यालयातील संशोधन आणि कारखान्यातील काम यांत त्यांनी कधी उच्च-नीच मानले नाही. शिकलेल्या माणसाने हात काळे करण्यात कमीपणा नाही, हे त्यांनी भाषणांतून सांगितले, त्याआधी स्वतः करून दाखवले. जे प्रमुख स्वतः प्रयोग करतात, त्यांच्या हाताखालची माणसे चुकायला भीत नाहीत.

अन्यत्रही हेच दिसते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडामुळे जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. नांगर खपेनात; तरी लक्ष्मणरावांनी शेतकऱ्यांच्या गरजा ध्यानात घेऊन त्यांत सुधारणा केल्या. जपानच्या टोयोटा कंपनीने 1951 पासून कामगारांकडून सूचना मागवण्याची पद्धत सुरू केली. अमेरिकेतील थ्री-एम कंपनीत संशोधकांना कामाचा काही वेळ स्वतःच्या कल्पनांसाठी मोकळा दिला जातो. तेथे 1968 साली तयार झालेला एक चिकट पदार्थ फार दुबळा निघाला; पण तो फेकून न दिल्यामुळेच पुढे सहज चिकटणाऱ्या व सहज निघणाऱ्या कागदी चिठ्ठ्या जन्माला आल्या. देश व काळ वेगळे असले तरी तत्त्व एकच आहे. वापरणाऱ्याचे ऐकणे, काम करणाऱ्यावर विश्वास टाकणे आणि फसलेल्या प्रयोगाला शिक्षा न करणे, हे ते तत्त्व होय.

मात्र बंगाल केमिकलची कथा येथे संपत नाही. प्रफुल्लचंद्र 1944 साली निवर्तले. फाळणीने पूर्व बंगालची बाजारपेठ तुटली. जगभर प्रतिजैविकांचे आणि नव्या कृत्रिम औषधांचे युग अवतरले आणि स्पर्धा तीव्र झाली. एके काळी इतरांना वाट दाखवणारा हा कारखाना मागे पडत गेला आणि तोट्यात रुतला. 1977 साली त्याचे व्यवस्थापन सरकारने हाती घेतले व 1980 साली त्याचे राष्ट्रीयीकरण झाले. त्यानंतरही अनेक वर्षे तोटा सुरूच राहिला. सहा दशकांहून अधिक काळानंतर, 2016-17 या वर्षी, कंपनीने पुन्हा नफा मिळवला. या दीर्घ कालखंडात इमारती होत्या, यंत्रे होती, संस्थापकाचे नाव आणि कीर्तीही होती. जुनी उत्पादने लोकांच्या विश्वासास पात्र होती. पण कालच्या यशावर आजचा कारखाना फार काळ चालत नाही. ओव्याचा अर्क नवा होता, तेव्हा ती नवनिर्मिती होती. तोच पुढची पिढी करत राहिली, की ती परंपरा होते. परंपरा आदरणीय असते, परंतु ती नवनिर्मितीची जागा घेऊ शकत नाही.

संस्थापकाचा वारसा जपणे म्हणजे त्याने केलेल्या वस्तू जपणे नव्हे, तर त्याने विचारलेला प्रश्न जिवंत ठेवणे होय. आपल्याभोवती काय वाया जाते आहे, लोकांना कशाची उणीव आहे आणि आपल्याजवळ असलेल्या साधनांनी ती कशी भरून काढता येईल, हा तो प्रश्न. तो एका घराच्या गच्चीवर विचारला गेला, तेव्हा सातशे रुपयांतून एक उद्योग उभा राहिला. कोणत्याही संस्थेत, मग ती मोठी कंपनी असो, सहकारी दूधसंघ असो वा गावातील बचतगट असो, हा प्रश्न विचारणाऱ्याला मान मिळत असेल, तर तेथे नवनिर्मितीची संस्कृती रुजली आहे असे खुशाल समजावे.