पत्ता बदलला, तरी पत्र पोहोचले पाहिजे





गेल्या उन्हाळी सुट्टीत शाळेच्या कार्यालयात पुण्याहून एका माजी विद्यार्थिनीचा फोन आला. "सर, आमच्या बाबांनी वार्तापत्रात लिहिलेला लेख आपल्या संकेतस्थळावर होता. बाबा आता नाहीत. मुलांना तो दाखवायला गेले, तर पान सापडत नाही असे येते." तिचे वडील आपल्याच शाळेचे निवृत्त शिक्षक. मी चौकशी केली. लेख पुसला गेला नव्हता. दिवाळीच्या सुट्टीत आपण सगळी जुनी वार्तापत्रे संकेतस्थळाच्या एका स्वतंत्र विभागात हलवली होती. लेख नव्या जागी सुखरूप होता, पण जुन्या पत्त्यावर तसा निरोप कोणी ठेवला नव्हता. चूक आपलीच, म्हणजे प्रथम माझी.

माझी पदवी हिंदी माध्यमातून झाली. संगणक हा काही माझा विषय नव्हे. पण त्या फोननंतर संगणक शिक्षकांजवळ बसून जे समजून घेतले, ते सर्वांना सांगावे म्हणून हा लेख.

आपल्या भागातील माणसाला पत्ता बदलणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. १ नोव्हेंबर २०१४ रोजी आपल्या शहराचे सरकारी नाव 'बेळगावी' झाले. त्यामागच्या भावना आपण जाणतो. तो आजचा विषय नाही. टपालाचे मात्र पाहा. पिन क्रमांकाची पद्धत १९७२ साली आली आणि ५९०००१ हा आकडा नाव बदलल्यावरही तोच राहिला. पाकिटावर 'बेळगाव' लिहा की 'बेळगावी', पत्र पोहोचते. महाजालावर ही सोय आपोआप होत नाही. तिथे एक अक्षर बदलले तरी दार बंद, आणि पाहुण्याला दिसतो तो '४०४', म्हणजे 'पान सापडले नाही'.

खोली आणि स्वतंत्र दार

समजा, आपल्या संकेतस्थळाचे नाव 'आमचीशाळा.भारत' आहे. (हे केवळ उदाहरण. '.भारत' हे देवनागरी नाव ऑगस्ट २०१४ पासून मिळू लागले.) वार्तापत्रे 'आमचीशाळा.भारत/वार्तापत्र' येथे ठेवली, तर तो झाला फोल्डर. वाड्यातल्या खोलीसारखा. आत जायचे ते वाड्याच्या मुख्य दारातूनच. त्याऐवजी 'वार्तापत्र.आमचीशाळा.भारत' असा पत्ता केला, तर ते झाले सबडोमेन. त्याच वाड्याचा भाग, पण रस्त्यावर उघडणारे स्वतःचे दार आणि त्यावर स्वतःची पाटी.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला, तो अशाच सबडोमेनवर. मुख्य नाव एकच, त्याच्या आधी प्रत्येक भाषेची खूण. असे केल्याने एखादा विभाग वेगळ्या यंत्रावरही ठेवता येतो. निकालाच्या दिवशी निकालाच्या पानावर झुंबड उडाली, तरी वार्तापत्राचे पान अडत नाही. मात्र असे कारण नसेल तर पत्ता उगाच बदलू नये, हे माझे पहिले सांगणे.

दारावरचा निरोप

बदलावाच लागला, तर जुन्या दारावर निरोप ठेवायचा. हे काम सर्व्हर करतो, म्हणजे पाने पाठवणारा संगणक. अनेक ठिकाणी त्यावर 'अपाची' नावाची प्रणाली चालते. तिच्यातील 'मॉड रीराइट' हा भाग राल्फ एंगेलशाल यांनी १९९६ साली लिहिला आणि १९९७ मध्ये अपाचीच्या मंडळींना देऊन टाकला. याच्या साहाय्याने पत्ता बदलून देण्याचे नियम लिहिता येतात.

नियमाचा अर्थ मराठीत असा होतो :

१. पाहुणा मुख्य नावाने, म्हणजे 'आमचीशाळा.भारत' म्हणून आला आहे काय, ते पाहा.
२. त्याच्या पत्त्यातील पुढचा भाग 'वार्तापत्र/' ने सुरू होत असेल, तर त्यानंतरचे सगळे जसेच्या तसे उचला.
३. ते उचललेले 'वार्तापत्र.आमचीशाळा.भारत/' याच्या पुढे जोडा आणि पाहुण्याला तिकडे पाठवा.

दुसरी पायरी सर्वांत महत्त्वाची. (.*) या खुणेचा अर्थ 'जे काही असेल ते पकडा'. डॉलरचे चिन्ह आणि एक आकडा लिहिला की पकडलेले पुन्हा वापरता येते. त्यामुळे शेकडो लेखांसाठी शेकडो नियम लागत नाहीत, एकाच ओळीत काम होते. आळस करून सगळ्यांना नव्या विभागाच्या पहिल्या पानावर पाठवू नये. बाबांचा लेख शोधणाऱ्या लेकीला नुसते मुखपृष्ठ दाखवून काय उपयोग?

कायमचे की तात्पुरते?

सर्व्हर निरोपाबरोबर एक आकडा पाठवतो. ३०१ म्हणजे कायमचे स्थलांतर, ३०२ म्हणजे तात्पुरते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला, तेव्हा पाणी ओसरेपर्यंतच वाट वाकडी करायची होती. ते झाले ३०२. गावाबाहेरून कायमचा नवा रस्ता झाला, तर ते ३०१. शोधयंत्रे ३०१ पाहिल्यावर आपल्या नोंदीत नवा पत्ता घेतात. पण ब्राउझरही ३०१ लक्षात ठेवतो. नियम चुकला असेल, तर दुरुस्तीनंतरही काही जण चुकीच्याच दारी जात राहतात. म्हणून आधी ३०२ लावून तपासावे आणि सगळे नीट चालले की ३०१ करावे.

दोन चौकीदारांची गोष्ट

आमच्याकडे पहिल्या प्रयत्नात पान गरगर फिरत राहिले. कारण मजेशीर आहे. सबडोमेनवर आलेल्या पाहुण्याला पान द्यायचे, तर सर्व्हर आतल्या आत पुन्हा त्याच जुन्या फोल्डरमध्ये जात होता. तिथे आमचा नवा नियम उभा. तो म्हणाला, "सबडोमेनवर जा." सबडोमेन म्हणाले, "फोल्डरमध्ये जा." दोन चौकीदार पाहुण्याला एकमेकांकडे धाडत राहिले! उपाय म्हणजे वरची पहिली पायरी. पाहुणा मुख्य नावाने आला असेल तरच नियम लावायचा. सबडोमेनच्या नावाने आलेल्याला पुन्हा पाठवायचे नाही.

आणखी दोन गोष्टी आधी कराव्या लागतात. नव्या सबडोमेनची नोंद महाजालाच्या नामावलीत, म्हणजे डीएनएसमध्ये, झाली पाहिजे. त्याचे सुरक्षा प्रमाणपत्रही हवे, नाहीतर ब्राउझर धोक्याची पाटी दाखवतो.

विश्वस्त मंडळींना विनंती

हे निरोप किती दिवस ठेवावेत? गूगलचा सल्ला किमान १ वर्षाचा आहे. माझे मत, शाळेने ते काढूच नयेत. विकिपीडियाने २००२ मध्ये '.कॉम' सोडून '.ऑर्ग' हे नाव घेतले, तरी जुने '.कॉम' टाइप करणारा आजही योग्य ठिकाणी पोहोचतो. विद्यार्थ्यांनी हे घरी करून पाहावे. आपले पत्ते स्मरणिकांत छापले गेले आहेत, निमंत्रणपत्रिकांवर आहेत, परगावी असलेल्या माजी विद्यार्थ्यांच्या वहीत आहेत. ते कागद आता दुरुस्त करता येणार नाहीत. सीमाभागातल्या छोट्या मराठी शाळेचे लिखाण दुसरीकडे कुठे जपून ठेवलेले नसते. आपले दार बंद झाले, तर ते हरवल्यासारखेच.

म्हणून दोन गोष्टी कराव्यात असे सुचवतो. संकेतस्थळाच्या नावाचे शुल्क दरवर्षी मुदतीपूर्वी भरावे. आणि आवक-जावक नोंदवहीप्रमाणे पत्त्यांची एक वही ठेवावी : जुना पत्ता, नवा पत्ता, बदलाची तारीख. संगणक शिक्षक बदलले तरी वही कार्यालयात राहील.

आमचा नियम आता नीट चालतो. त्या माजी विद्यार्थिनीला मी नवा पत्ता दिला नाही. "तुमच्याकडचा जुनाच उघडून पाहा," एवढेच सांगितले. लेख उघडला.

ज्यांच्याजवळ शाळेच्या संकेतस्थळाचे जुने पत्ते लिहिलेले किंवा छापलेले असतील, त्यांनी ते कार्यालयात आणून द्यावेत. प्रत्येक पत्ता आम्ही स्वतः तपासून पाहू.

आपला,
मुख्याध्यापक